वाणाच्या पैशातली नववी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

केतकीने पुण्याहून ही डायरी पाठवली ती रोजचं बीपी लिहून ठेवायला. आईची तब्येत फोनवर कळत नाही म्हणे. बीपी गेलं खड्ड्यात, आज लिहायला त्याहून मोठं काहीतरी आहे.

आज आमच्या उज्जैनच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू झालं आणि मी वाण बंद पाडलं. मी म्हणजे शोभा, वय बासष्ट, टेलिफोन खात्यातून रिटायर, मंडळाची चिटणीस. गेल्या वर्षी हळदीकुंकवाहून घरी आले तेव्हा पिशवीत अठ्ठावीस गाळण्या होत्या, सगळ्या प्लास्टिकच्या. माणसाने चहा गाळून गाळून किती गाळावा. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या संक्रांतीला हा फालतूपणा बंद. महिनाभर एकेकीला फोन करून सांगत होते की वाणाला जेवढे खर्च करणार होतीस तेवढे डब्यात टाक, त्यातून एखाद्या हुशार मुलीची प्रायव्हेट शाळेची फी भरू. निम्म्या जणींनी नाकं मुरडली. पण आज दारातच स्टीलचा डबा ठेवला, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तीळगूळ दिला, आणि बायका टाकत गेल्या की. ऐंशीच्या वर बायका. भैरवगढहून मीरा म्हणून एक येते, छपाईच्या कारखान्यात चादरी छापते, नखं कायम निळी. तिनेसुद्धा रुमालाची गाठ सोडून टाकले आणि म्हणाली, "काकू, ये बहुत अच्छा काम केलंत तुम्ही."

एका मुलीचं नववीचं अख्खं वर्ष निघेल एवढं जमलं आहे. मला घरी येऊन जेवणच गेलं नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीची बैठक. अनसूयाताई आमच्या अध्यक्ष. म्हणाल्या, "घरोघर फिरून चौकशी करायचं काम शोभाताई, तुम्हीच घ्या बाई, माझे गुडघे परवानगी देत नाहीत." मी म्हटलं, घेते, पण मग निवडही माझी, आणि नाव गुढीपाडव्याच्या कार्यक्रमापर्यंत गुलदस्त्यात. स्टेजवरच फुटेल. सगळ्यांना एकदम पसंत पडलं. उगाच आधीपासून कुजबुज नको, आणि शिवाय मजा येते.

तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी, त्यातली बरीच ट्रंक कॉल जोडण्यात. अर्ध्या उज्जैनची गुपितं या कानांतून गेली आहेत. दोन महिने एक नाव पोटात ठेवणं म्हणजे काय कठीण.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म तयार केला. मुलगी उज्जैनची हवी, नववीत जाणारी हवी, मार्कशीट हवी, उत्पन्नाचा दाखला हवा. आणि पाचवी अट माझी स्वतःची: निवड झालेल्या विद्यार्थिनीने पालकांसह व्यासपीठावर उपस्थित राहून शिष्यवृत्ती स्वीकारणे बंधनकारक राहील. 'बंधनकारक राहील' हे मला फारच आवडलं. सरकारी कागदासारखं वजन आलं त्याला.

आमच्या ह्यांना वाचायला दिला. हे, म्हणजे श्रीधर, बँकेत होते, कागद दिसला की उलटा करूनही बघतात. म्हणाले, "पाचवी कशाला?"

म्हटलं, अहो, वाण कधी कुणी मागल्या दाराने देतं का? कुंकू लावून, चार जणींच्या देखत, हातात द्यायचं असतं. आणि बायकांनी पैसे टाकलेत, त्यांना दिसायला नको का?

"हं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ह्यांच्या 'हं'वर चाळीस वर्षं संसार केला आहे, त्यामुळे मी लक्ष देत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फॉर्म आले तीन. मला वाटलं होतं झुंबड उडेल. एकीच्या वडिलांची इथे फ्रीगंजच्या बाजारातच दोन दुकानं निघाली, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दुसरी इंदूरला जाते आहे. तिसरा फॉर्म उघडला तर मीराचा. डब्यात पैसे टाकणारीच मीरा.

आज दुपारी भैरवगढला तिच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, पण लखलखीत. नवरा मधुकर, ई-रिक्षा चालवतो, महाकालच्या बाजूला. मुलगी निहारिका. आडनाव पोतनीस. म्हणजे यांचे पणजोबा-खापरपणजोबा सरकारवाड्यावर तिजोरी सांभाळायचे, आता राहिलं नुसतं आडनाव. मीराने सगळं नीट सांगितलं. पोरगी पहिलीपासून मोठ्या इंग्रजी शाळेत आहे, आरटीईच्या सीटवर. सरकारी नियमाने त्या सीटची फी आठवीपर्यंत माफ. आठवी संपली की माफी पण संपली. नववीची पूर्ण फी भरा, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला घ्या.

"आठ साल कधी पहिल्या तीनच्या खाली नाही आली काकू," मीरा म्हणाली. "आता ऐन वेळेला कशी काढू?"

मार्कशीटा बघितल्या. खरंच हुशार आहे. मला तिथल्या तिथे भरून आलं, म्हणजे ह्याच मुलीसाठी तो डबा भरला असं वाटलं. निहारिका दाराला टेकून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "आजी, नाव स्टेजवर घेणार का?"

म्हटलं, घेणार म्हणजे काय, माइकवर घेणार. ती पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. लाजाळू आहे. मी निघताना मीरा म्हणाली, "काकू, नाव छापलंच पाहिजे का?" हिचा विनय बघून फार बरं वाटलं. आजकाल लोक न केलेल्या गोष्टींवर नाव छापतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. गावात पाय ठेवायला जागा नाही. गॅलरीतून गर्दी बघितली, साबुदाण्याची खिचडी केली. बीपी १४२. घ्या, लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

ठरलं. निहारिकाच.

आज तिच्या शाळेत जाऊन फीची माहिती काढली, चेक शाळेच्या नावाने काढायचा तो कसा वगैरे. एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरायचा, नाहीतर सीट वेटिंगवाल्यांना जाते. तिथे एक गंमत दिसली. मधुकरने पोरीला गेटपर्यंत आणलंच नाही, मागच्या गल्लीत मेडिकलच्या दुकानापाशी उतरवलं आणि रिक्षा वळवून गेला. शाळेसमोर केवढी गर्दी करतात लोक गाड्यांची, हा मात्र किती समंजस. मनात त्याला शंभर मार्क दिले.

आणि निहारिका कुणाबरोबर आत गेली? सायलीबरोबर. अनसूयाताईंची नात. एकाच वर्गात आहेत दोघी, अगदी गळ्यात गळे. म्हणजे बघा योग कसे जुळतात. माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली आहे, पण आत्ता लिहीत नाही. पिकू दे.

संध्याकाळी मीराला फोन करून निवड झाल्याचं सांगितलं. ती रडली. मीपण रडले. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. सकाळी गेरची मिरवणूक, दुपारी अंगाचा रंग निघता निघेना. तशाच गुलाबी हातांनी निहारिकाकडे फोटोसाठी फोन केला, कारण फ्लेक्स छापायला टाकायचा आहे.

तिने व्हॉट्सॲपवर पाठवला तो तिसरीतला असावा. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. ओळखूसुद्धा येत नाही ती. म्हटलं, अगं, आत्ताचा दे, शाळेच्या युनिफॉर्ममधला. म्हणाली, नाहीये. चौदा वर्षांच्या मुलीकडे स्वतःचा फोटो नाही, ऐकलं आहे का कुणी? उद्या मीच जाऊन काढणार.

२० मार्च, गुरुवार

काढला. सात वेळा काढावा लागला, हसतच नाही.

२५ मार्च, मंगळवार

फ्लेक्स आला. दहा फूट बाय सहा फूट. दुकानदाराने रंग काय सुरेख दिला आहे. वर मंडळाचं नाव, मध्ये निहारिकाचा फोटो, पोळीच्या तव्याएवढा गोल, खाली 'गरीब व होतकरू विद्यार्थिनी कु. निहारिका मधुकर पोतनीस हिचा हार्दिक सत्कार'. स्टेजवर पडद्यामागे लावायचा, मी नाव घेतलं की पडदा ओढायचा, आणि नंतर आठ दिवस टॉवर चौकात. येणारा-जाणारा बघेल की मराठी बायका नुसत्या हळदीकुंकू करत नाहीत.

हे म्हणाले, "गरीब लिहायलाच हवं होतं?"

म्हटलं, अहो, गरीब व होतकरू असंच म्हणतात. लहानपणापासून वाचत आलेय, पेपरात, पत्रिकेत, कोनशिलेवर. नुसतं होतकरू कसं लिहायचं, लंगडं दिसतं.

आणि आता ती झकास कल्पना: पुष्पगुच्छ सायलीच्या हातून. वर्गमैत्रिणीच्या हातून सत्कार, केवढा गोड क्षण. कुणाला द्यायचा ते सायलीला सांगितलं नाही, नुसतं म्हटलं तू गुच्छ द्यायचास, नवा ड्रेस घाल. राहवेना म्हणून निहारिकाला मात्र फोन करून सांगून टाकलं. पलीकडे एकदम शांतता. माझं आयुष्य टेलिफोनात गेलं, लाईन गेली की मला लगेच कळतं. लाईन चालू होती. आनंदाने बोलती बंद झाली असणार बिचारीची.

पाच दिवस राहिले. मला चार दिवसांपासून झोप पण नीट लागत नाहीये, इतकं हे सगळं डोक्यात आहे. भाषण पाठ झालं. जांभळी पैठणी काढून ठेवली.

२८ मार्च, शुक्रवार



सकाळी नऊला दार वाजलं. निहारिका. एकटी, सिटी बसने आलेली. मला वाटलं निकाल लागला असेल, पेढे घेऊन आली. निकाल लागलाच होता, वर्गात दुसरी आली. पण हातात पेढे नव्हते, फॉर्मची झेरॉक्स होती. चहाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, मला नको. दुसऱ्या कुणाला द्या."

मी विचारलं, आईने पाठवलं का? म्हणाली, आईला माहीत नाही.

मग बोलली. एका दमात बोलली, आधीच घोकून आल्यासारखी. "आठ वर्षं वर्गात कुणाला माहीत नाही मी आरटीईची आहे. पहिलीत एका मुलीचं कळलं होतं. तिला सगळे आरटीई म्हणूनच हाक मारायचे, टीचरपण. ती तिसरीत शाळा सोडून गेली. मी डबा कधी दाखवत नाही, वाढदिवसाला कुणाला घरी बोलवत नाही, पप्पांना गल्लीत थांबवते. सायलीला वाटतं पप्पांचं ट्रॅव्हल्सचं काम आहे. आणि तुम्ही सायलीच्याच हातून मला गुच्छ देणार. गरीब म्हणून."

मला काय वाटलं ते खरं लिहिते. दया नाही आली. राग आला. असा राग आला की बस. दोन महिने मी ऊन-तहान बघितली नाही, फॉर्म काय, फ्लेक्स काय, आणि ही कालची पोर मला शिकवणार. म्हटलं, "मेहनतीने शिकायला लाज कसली वाटते तुला? ई-रिक्षा चालवणं काय चोरी आहे? आणि अट आहे ती, पाचवी. स्टेजवर यायचं नसेल तर फीपण नाही."

"तेच सांगायला आले," म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि गेली. नमस्कार केला हेच जास्त लागलं.

हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले आणि टेबलावरची झेरॉक्स उचलून वाचत उभे राहिले. म्हटलं, बोला आता, तुम्हीपण बोला. म्हणाले, "ही पाचवी अट कुणाच्या सोयीची आहे, शोभा?"

मी आज ह्यांच्याशी बोलत नाहीये.

२९ मार्च, शनिवार

सकाळीच भैरवगढ गाठलं. ठरवून गेले होते की मीराला दोन शब्द ऐकवायचे, पोरीला जरा वळण लावा म्हणून. मीरा कारखान्यात होती. लांबच्या लांब टेबलावर चादर ताणलेली, आणि ती लाकडी ठसा रंगात बुडवून उमटवत चाललेली. ठसा ठेवायचा, वरून मूठ मारायची, पुढे सरकायचं. मी बोलत होते आणि ती ऐकत ऐकत छापत होती. पोरगी येऊन गेल्याचं तिला रात्रीच कळलं होतं.

माझं बोलणं झाल्यावर तिने ठसा बाजूला ठेवला.

"काकू, हळदीकुंकवाला तुम्ही गाळणी द्यायचात, तेव्हा हिच्या घरी गाळणी नाही म्हणून द्यायचात का? सगळ्यांना सारखी द्यायचात. म्हणून मी येत होती. तिथे मी कुणापेक्षा कमी नव्हती. डब्यात मीपण माझं वाण टाकलं."

मीराने फडक्याला हात पुसले.

"सरकारी शाळा वाईट नाही. मी तिथेच शिकली. सोमवारी ईदची सुट्टी आहे, मंगळवारी दाखला काढून आणते. पोरगी परेशान होईल, रडेल, पण मान वर करून जाईल. तुमच्यावर राग नाही आमचा, सच में. तुम्ही चांगल्या मनानेच केलंत." आणि परत ठसा उचलला. ओल्या चादरीचं काम थांबत नाही ना, रंग वाळतो.

राग आहे म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. राग नाही म्हटल्यावर काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं.

परतताना टमटममध्ये बसून सगळं डोळ्यांसमोरून गेलं. गल्लीतलं मेडिकलचं दुकान. दात पडलेला फोटो. सात वेळा न हसलेली ती. चालू असलेली लाईन. बाई गं, मी काय काय बघितलं आणि त्यातलं मला काय कळलं? मला वाटत होतं ती लाजते आहे, आणि ती भीत होती. मला माझीच इतकी लाज वाटली की कधी घर आलं कळलं नाही, टमटमवाला म्हणाला, "माताजी, उतरना नहीं है क्या?"

घरी आल्याबरोबर ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, पाचवी अट मीच घातली, मीच काढते. म्हणाले, बायकांना काय सांगशील? म्हटलं, काहीच नाही सांगणार. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हटलं उद्यापासून विमान चालवणार आहे.

मग दोघांनी मिळून फ्लेक्स गच्चीवर नेला, फोटोची बाजू खाली करून पसरला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि त्यावर उडदाचे पापड वाळत घातले. शेजारीण कठड्यावरून म्हणाली, केवढा मोठा प्लास्टिकचा कागद आणलात हो. म्हटलं, हो ना, सेलमध्ये मिळाला.

मीराला फोन केला. "दाखला काढू नकोस. उद्या कार्यक्रमाला दोघी या, नेहमीसारख्या, प्रेक्षकांत बसा. न येण्याने जास्त कळतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. या वेळेला मी त्याचा अर्थ लावायला गेले नाही, नुसती थांबले. मग म्हणाली, "काकू, पण तुमचं कसं होईल?"

माझं काय होणार आहे. बायका चार शब्द बोलतील, दुसरं काय. पण खरं सांगू का, इतकं तरतरीत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

झालं एकदाचं.

हॉल गच्च. मागे उभ्या होत्या बायका. स्टेजवर पडदा, पडद्यामागे काही नाही. सायली नव्या ड्रेसमध्ये गुच्छ घेऊन पहिल्या रांगेच्या टोकाला. चौथ्या रांगेत मीरा, तिच्या शेजारी निहारिका, आणि मध्येच सायली उठून मागे जाऊन निहारिकाच्या कानात काहीतरी सांगून हसून येत होती.

माइक हातात घेतला. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे पळालं. म्हटलं, "मैत्रिणींनो, तुम्ही दिलेलं वाण योग्य हाती जातंय. एका मुलीची नववी त्यातून होणार. ती कोण, हे मी सांगणार नाही. आज नाही, उद्या नाही. वाण घेणारीला कुणी तिची गरज विचारत नाही. धन्यवाद." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

लगेच कुजबुज सुरू झाली. अनसूयाताई उठल्या. गुडघे बरे होते आज. "शोभाताई, हे काय? दोन महिने पाडव्याला सांगते, पाडव्याला सांगते, आणि आता सांगत नाही? पैसे सगळ्यांचे आहेत." मी म्हटलं, पावती मंडळाच्या सीएला दाखवीन, तो इंदूरचा आहे, त्याला आपल्यातल्या कुणाशी देणंघेणं नाही. चेक शाळेच्या नावाचा आहे, त्यावर तुमची सही आहे. मुलीचं नाव मिळणार नाही. तेवढ्यात मागून एक आवाज आला, कोण ते कळलंच आहे मला, "माहेरच्या कुणाला तरी दिलं असेल." दोन-चार जणी हसल्या.

अंगाचा तिळपापड झाला. एक नाव घेतलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते नाव चौथ्या रांगेत बसलं होतं, चेहरा पांढराफटक. मी माइक ठेवून खाली येऊन बसले. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. सायलीला गुच्छाचं काय करावं कळेना, तिने शेवटी तो आजीलाच दिला.

श्रीखंड-पुरीच्या वेळेला माझ्या शेजारी फारसं कुणी आलं नाही. मी तीन पुऱ्या खाल्ल्या. घरी येऊन रडले पण.

३१ मार्च, सोमवार

फोन सात. अनसूयाताई म्हणतात पुढच्या बैठकीत चिटणीसपदाचा विचार करावा लागेल. करा म्हटलं. केतकीला कुठून कळलं देव जाणे, विचारते, आई, तू खरंच कुणा नातेवाइकाला दिलंस का? पोटच्या पोरीने विचारावं. तिलाही नाव नाही सांगितलं. बीपी १५०. पण डोकं दुखत नाहीये, आणि काल पहिल्यांदा गाढ झोप लागली.

१ एप्रिल, मंगळवार

आज नव्या वर्गांचा पहिला दिवस. दहाच्या सुमाराला शाळेत फी भरायला गेले. मीरा म्हणाली होती आम्ही भरतो तुमचा चेक, पण म्हटलं नको, तुमच्या हातात मंडळाचा चेक कुणी बघायला नको. खिडकीपाशी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा क्लार्कने चेकच्या मागचं नाव वाचलं आणि विचारलं, "आप बच्ची की कौन?" म्हटलं, "कोई नहीं. रसीद माँ के नाम से काटो." त्याने खांदे उडवले आणि काटली. मीरा मधुकर पोतनीस. नववी, अ तुकडी. शिक्का मारताना त्याने शाई कमी घेतली तर मी म्हटलं भैया, फिर से मारो, ठीक से मारो. मारला. माझ्या हातात ती पावती आली आणि मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. खोटं कशाला लिहू.

मागे वळले तर समोर सायली आणि निहारिका. दोघी नव्या वह्या घेऊन ऑफिसवरून जात होत्या.

"शोभाआजी, तुम्ही इथे?" सायली म्हणाली. मग डोळे मोठे करून, "म्हणजे ती मुलगी आमच्याच शाळेतली आहे ना? चेक आमच्या शाळेचा होता, आजी म्हणाली. कोण आहे, सांगा ना. आमच्या वर्गातली आहे का?"

पावती माझ्या उघड्या हातात होती. मी मूठ मिटली. निहारिका सायलीच्या शेजारी उभी, तिच्या हातातल्या वह्या हळूहळू खाली घसरत चाललेल्या, आणि तिला ते कळतसुद्धा नव्हतं.

"नाही, दुसऱ्या तुकडीत आहे," मी म्हटलं.

"आजी म्हणते तुम्ही तुमच्या भाचीला दिली. खरं आहे?"

इतकी वर्षं दुसऱ्यांची बोलणी ऐकली, कधी कुणाचं तोडलं नाही. आज मात्र स्वतःचंच बोलणं एक सेकंद अडवून धरलं, कारण एकदा बोलले की ते परत घेता येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत हे फ्रीगंजच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचणार, हे मला माहीत होतं.

"हो," म्हटलं. "भाचीलाच दिली. काय करणार बाई, घरची मुलगी आधी."

सायलीचं तोंड उघडं राहिलं. निहारिकाने वह्या वर उचलून छातीशी धरल्या. सायलीबरोबर ती वर्गाकडे वळली, चार पावलं गेली, आणि मग थांबून मागे बघितलं. हसली नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे, नीट, सरळ, आणि गेली. गेटबाहेर आले तेव्हा मला कुठून येतंय ते कळेना, पण रडू आणि हसू दोन्ही एकदमच येत होतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चारला अनसूयाताईंचा फोन आला, आवाज बर्फासारखा. म्हणाल्या, "तुमच्या तोंडूनच कबूल झालं ते बरं झालं." म्हटलं, हो बाई, झालं खरं कबूल.

मी माहेरची एकुलती एक. ना भाऊ, ना बहीण. उज्जैनमध्ये हे एकट्या ह्यांना माहीत आहे, आणि हे कधी जास्त बोलत नाहीत.